टाकीला बावीस

बेलवलीत सुजित भोईरला सगळे ‘क्रेनवाला सुजित’ म्हणतात, आणि त्याचं काळीज वाघाचं आहे अशी गावाची पक्की समजूत आहे. समजूत करून घ्यायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे गाव ती सढळ हाताने करून घेतं. बदलापूर पश्चिमेला जिथे त्याचा आजा भात लावायचा, तिथे आता चौदा-चौदा मजले उभे राहताहेत, आणि त्या मजल्यांच्याही वर, लोखंडी खांबाच्या टोकाला टांगलेल्या काचेच्या खोक्यात सुजित दिवसभर बसतो. खाली टपरीवर चहा पिणारे माना वर करून म्हणतात, “याला भीती म्हणून माहीत नाही.” खरं सांगायचं तर त्या साइटवर सुजितइतकं भित्रं माणूस दुसरं नव्हतं.

फक्त त्याची भीती लोकांना वाटते ती नव्हती. आपण पडू असं त्याला कधी वाटलं नाही. आपल्या हातून काही पडेल, ही त्याची भीती होती. अंबरनाथच्या एमआयडीसीत तो हायड्रावर, म्हणजे चाकांच्या छोट्या क्रेनवर, हेल्पर होता, तेव्हा एकदा पट्टा निसटून लोखंडी प्लेट खाली आली होती. खाली कुणी नव्हतं, एक सायकल होती. सायकलवाला पाणी प्यायला गेला होता. लोकांनी प्लेट बाजूला केली तेव्हा सायकल पापडासारखी जमिनीला चिकटलेली होती, आणि सायकलवाला हातात पाण्याची बाटली घेऊन तिच्याकडे बघत उभा होता. त्या माणसाचा चेहरा सुजितच्या डोळ्यांसमोरून कधीच गेला नाही. पुढे तो टॉवर क्रेन शिकला, लायसन मिळालं, पगार वाढला, तेजलशी लग्न झालं, जिज्ञासा झाली, पण प्रत्येक ओझं उचलताना त्याला ती बाटली दिसायचीच.

वरून जग निराळंच असतं. खालची माणसं पत्ता सांगतात तो दोन गल्ल्या सोडून डावीकडे, मग सरळ, असा. वरच्या माणसाला गल्ल्या नसतात. तो मधोमध बसलेला असतो आणि त्याच्यासमोर क्रेनचा लांबलचक आडवा हात, म्हणजे जिब, गोल फिरत असतो. कुठलीही जागा गाठायची तर दोनच गोष्टी लागतात. किती वळायचं आणि तिथून किती लांब जायचं. जिब एक पूर्ण फेरी मारते तेव्हा हवेत एक भलीमोठी न दिसणारी थाळी आखली जाते, आणि त्या थाळीखालची एकूणएक जागा सुजितला या दोन गोष्टींनी पाठ होती.

जमिनीवरून त्याला इशारे द्यायला हिरामण होता. हिरामण वयाने मोठा, जळगावकडचा, बोलायला फटकळ आणि कामात पक्का. इमारत वाढत गेली तशी तिच्यामागची जमीन सुजितला दिसेनाशी झाली. मग त्या बाजूला हिरामणचा वॉकी-टॉकीवरचा आवाज हेच त्याचे डोळे. दोन वर्षांत दोघांची एक बोली तयार झाली होती. “मलंगगडाला तीस,” असं हिरामण म्हणाला की जिब मलंगगडाच्या सुळक्याकडे वळवायची आणि जिबवरून हुक घेऊन सरकणारी ट्रॉली तीस मीटरवर न्यायची. “नदीला अठरा” म्हणजे उल्हास नदीच्या दिशेने अठरा. आणि इमारतीमागे लिफ्टच्या खड्ड्याजवळ जो माल उतरवायचा, त्याला “टाकीला बावीस”. कुंपणापलीकडे पाण्याची एक उंच टाकी होती, तिच्याकडे तोंड करायचं, बावीसवर जायचं, सोडायचं. डोळे मिटूनही चुकायचं नाही. हिरामण तर अभिमानाने सांगायचा, “आम्हाला नकाशे-बिकाशे लागत नाहीत हो. आमचं सगळं तोंडपाठ.”

या तोंडपाठ कारभाराला पहिला अडथळा आणला तो मनाली मॅडमनी. मनाली साइटची इंजिनीअर, उल्हासनगर कॅम्प चारची. डिग्री घेऊन दोनच वर्षं झालेली, आवाज हळू, पण मुद्दा सोडायची नाही. साइटवर दुसरी क्रेन उभी राहिली, जुनीपेक्षा उंच, आणि सुजित अनुभवी म्हणून त्याला नवीवर बसवायचं ठरलं. तेव्हा मनालीने दोघांना ऑफिसच्या कंटेनरमध्ये बोलावलं आणि टेबलावर कोरा कागद ठेवला.

“हे आपलं प्रतल,” ती म्हणाली. “म्हणजे सपाट जमीन समजा. यावर हा एक बिंदू, लिफ्टचा खड्डा. ड्रॉइंगवर याचा पत्ता मी कॉलमने सांगते. सी-चार. इतकं आडवं, इतकं उभं. हा पत्ता जमिनीचा आहे, क्रेन कुठेही असो, तो बदलत नाही.” मग तिने दुसरीकडे ठिपका काढून तिथून एक रेघ मारली. “तुमचा पत्ता वेगळा. किती वळायचं आणि किती लांब. कॉलेजात याला ध्रुवीय निर्देशक म्हणतात. पद्धत चांगली आहे, क्रेनसाठी तर हीच बरी. पण हा पत्ता जमिनीचा नाही, तुमच्या खुर्चीचा आहे. खुर्ची हलली की जुने सगळे आकडे खोटे.”

“मॅडम, मलंगगड कुठं हलला का?” हिरामण हसला.

“मलंगगड लांब आहे, तो दोन्ही क्रेनवरून जवळजवळ त्याच दिशेला दिसेल. टाकी जवळ आहे. नव्या क्रेनवरून टाकीची दिशाच बदलते. टाकीकडे बघून बावीसवर गेलात तर भलत्याच जागी उतराल.” तिने नव्या क्रेनचा ठिपका काढून तिथून टाकीकडे रेघ मारली. ती रेघ खड्ड्याच्या जवळूनसुद्धा गेली नाही. “दसऱ्यानंतर मी नवा चार्ट करून देते. तोपर्यंत नव्या क्रेनने मागच्या बाजूला काही उतरवायचं नाही.”

सुजितला ते तिथल्या तिथे पटलं. त्याने ती रेघ नीट पाहिली आणि आपण खुर्ची बदलून बसणार आहोत हे त्याला पहिल्यांदाच कळलं. त्याला विचारायचं होतं की जुनी सवय तोंडातून आणि हातातून काढायची कशी. पण शेजारी हिरामण मिशीत हसत उभा होता, आणि बाहेर येताच तो म्हणाला, “पोरगी हुशार आहे, पण आपल्याला शिकवायला निघाली. घाबरलास की काय तू?” वाघाचं काळीज असलेल्या माणसाने यावर काय म्हणायचं? सुजित म्हणाला, “छे, घाबरायचं काय त्यात.”

दसऱ्याला साइट बंद असते, पण यंत्रांची पूजा मोठी होते. मिक्सर, लिफ्ट, क्रेन, सगळ्यांना झेंडूच्या माळा घालतात, टिळे लावतात, आणि कामगार आपापल्या बायकामुलांना घेऊन येतात. सुजितचीही मंडळी आली होती. तेजल नवी साडी नेसली होती, सहा वर्षांची जिज्ञासा टिकल्यांच्या फ्रॉकमध्ये मिरवत होती, आणि आई विठाबाई नव्या क्रेनच्या बुंध्याशी घातलेल्या सतरंजीवर बसून मान वर करून त्या खांबाचा शेंडा शोधत होती. मनाली पूजेला थांबत नसे, तिच्या घरी ते चालत नाही. ती ऑफिसात बसून आपला चार्ट काढत होती.

पूजा झाली, नारळ फुटला आणि शेठनी टाळी वाजवली. शेठ म्हणजे साइटचे मालक, उल्हासनगरचे सिंधी, दिलदार माणूस, पण शकुनाच्या बाबतीत हट्टी. “चलो साईं, अब नई क्रेन से एक लिफ्ट मारो. शगुन का. दसऱ्याला मशीन उभी नाही ठेवायची.” ही तिथली रीतच होती. नव्या यंत्राने पूजेच्या दिवशी एक तरी ओझं उचलून जागेवर ठेवायचं. सळ्यांचा एक भारा तयार होता, हिरामणने त्यालाही झेंडूची भलीमोठी माळ घातली होती.

“कुठे ठेवायचा?” सुजितने विचारलं.

“लिफ्ट का गड्ढा. तिथून तर उद्या काम सुरू करायचं आहे,” शेठ म्हणाले.

सुजित हिरामणकडे वळला. “भाऊ, मॅडम म्हणाल्या होत्या मागे उतरवू नका.”

“एकच तर भारा आहे. सुट्टीच्या दिवशी मागं कुत्रं पण नाही. मी खड्ड्यापाशी उभा राहतो ना, मी हाय तोवर तुला काय?” हिरामण त्याच्या पाठीवर थाप मारून गेलासुद्धा.

शेठ बघत होते, वीस-पंचवीस माणसं बघत होती, तेजल बघत होती. नाही म्हणायला जीभ उचलली नाही. फक्त आईने जाता जाता त्याची बाही धरली. “बाला, आज नको चरू वर. मना भ्याव वाटतं.” एरवी तिने चढू नको म्हटलं की तो तिला चिडवायचा. आज त्याने नुसतीच बाही सोडवली आणि शिडीला हात घातला.

वर पोचेपर्यंत घामाने शर्ट पाठीला चिकटला. खोक्यात बसून त्याने खाली पाहिलं. बुंध्याशी पुरुषमंडळी शेठभोवती जमली होती, पण सतरंजी रिकामी होती. बायका नव्हत्या, मुलंही नव्हती. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं, जेवायला गेली असतील, असं त्याने स्वतःला सांगितलं. स्वतःला सांगितलेलं पटतंच असं नाही. पण तोवर भारा हुकाला लागला होता आणि खालून अंगठे वर झाले होते.

भारा उचलला गेला. दीड टन लोखंड झेंडूची माळ घालून इमारतीच्या माथ्यावर आलं.

“हिरामणभाऊ, आलो वर. कुठं?”

“टाकीला बावीस,” वॉकीतून आवाज आला.

आणि सुजितच्या हाताने जिब टाकीकडे वळवली. हातानेच, डोक्याने नव्हे. दोन वर्षं हजार वेळा ऐकलेले ते शब्द होते, आणि ऐकल्याबरोबर हात चालायचे. टाकी समोर आली, ट्रॉली बावीसवर थांबली. सगळं नेहमीसारखं. दोर इमारतीच्या कडेवरून पलीकडे, न दिसणाऱ्या जमिनीकडे जाऊ लागला.

“सोडतोय.”

“येऊ दे, येऊ दे,” हिरामण म्हणाला. दोन वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती, त्यामुळे वर न बघताच तो हे म्हणायला शिकला होता.

दोर उतरत राहिला. दोराच्या मापावरून दहावा मजला, आठवा, सहावा, चौथा, दुसरा. सुजितची नजर गच्चीच्या कडेवर होती, जिथून दोर खाली जात होता. रोज तो दोर पाण्याच्या जाड पाइपाशेजारून उतरायचा. आज तिथे पाइप नव्हता. गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीची, निळी ताडपत्री लावलेली खिडकी होती. ही खिडकी इथे कशी आली? खिडकी कशाला येईल, सुजा. तूच हललास. मनालीने मारलेली ती रेघ, खड्ड्याच्या जवळूनसुद्धा न गेलेली, त्याला डोळ्यांसमोर दिसली.

“भाऊ, किती राहिलं?”

वॉकी खरखरला. “अरे... मला तर दिसत नाही. कुठं आहे तो?”

सुजितने ब्रेक मारला. दोर थरथरून थांबला.

भारा कुठे आहे हे आता जगात कुणालाच माहीत नव्हतं. त्याला दिसत नव्हतं, हिरामणला दिसत नव्हतं. दीड टन लोखंड त्याच्या बोटांच्या शेवटी, भिंतीपलीकडे कुठेतरी लोंबकळत होतं, आणि भाऱ्याखाली काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. खाली सोडावं तर काय चिरडेल? फिरवावं तर काय झोडपेल? वर घ्यावं तर सळी कशात अडकलेली असली तर? त्याचा हात दांडीवर गोठला. रिकामी सतरंजी त्याला एकदम आठवली. आई, तेजल, जिज्ञासा. कुठे गेल्या होत्या त्या?

“भाऊ, पळा! बघा कुठं आहे! पळा!” तो ओरडला. वॉकीत पायांचे धपधप आवाज आणि हिरामणची धाप ऐकू येऊ लागली. बिचारा खड्ड्यापासून अडगळीतून धावत होता, मध्ये विटांचे ढीग, सिमेंटच्या गोण्या.

तेवढ्यात दुसरा आवाज आला, हळू आणि स्पष्ट. “सुजितदादा, मी मनाली. काहीच हलवू नका. टाकीला बावीस ऐकलं मी. स्क्रीनवर कोन किती आहे? फक्त वाचा.”

“दोनशे... दोनशे चौदा.”

“अंतर?”

“बावीस.”

टेबलावर तिचा अर्धा झालेला चार्ट होता, कोनमापक होता. कागदावर पेन्सिल सरकल्याचा आवाज वॉकीतून आला असं सुजितला वाटलं, पण तो त्याच्याच छातीचा असेल. दोरावर वारा लागत होता. भारा हळूहळू स्वतःभोवती फिरत असणार हे त्याला इथे बसून कळत होतं, आणि सळीची टोकं फिरता फिरता कुणाच्या डोक्यापर्यंत पोचताहेत ते कळत नव्हतं. त्याने आयुष्यात एवढं कळवळून काहीच मागितलं नव्हतं, पण त्या क्षणी तो मलंगगडाकडे बघून म्हणाला, माझे हात घे, डोळे घे, पण खाली कुणी नको.

“जी-सात,” मनाली म्हणाली. तिचा आवाज आता बदलला होता. “इमारतीमागची सावली आहे तिथे. दादा, बायका-मुलं मघाशी उन्हातून उठून तिकडेच बसायला गेलीत. मी खिडकीतून जाताना पाहिली.”

सुजितचा हात जिब फिरवायच्या दांडीकडे गेला.

“ऐका माझं. फिरवायचं नाही. ट्रॉली हलवायची नाही. सरळ वर. अगदी हळू.”

“अडकलं असलं तर?”

“त्या जागी वर काहीच नाही, मी ड्रॉइंग बघूनच सांगतेय. घ्या वर.”

त्याने दांडी ओढली, दुधावरची साय काढावी तशी. दोर एक वीत वर आला. खालून एक कल्लोळ उठला, बायकामुलांचा, आणि सुजितला वाटलं, झालं. संपलं. पण हात थांबला नाही, थांबला असता तर तो पुन्हा चालला नसता. दोर वर येत राहिला, आणि शेवटी गच्चीच्या कडेमागून भारा वर आला. सळ्या स्वच्छ होत्या. माळ मात्र अर्धीअधिक झडून गेली होती. मनालीने नवा कोन सांगितला, नवं अंतर सांगितलं, आणि हिरामणने या वेळी मान वर करून, कापऱ्या आवाजात, भारा खड्ड्यापाशी उतरवून घेतला. पलीकडे पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. शेठ म्हणाले, “वाह, शगुन हो गया!”

शिडी उतरताना सुजितला दोनदा थांबावं लागलं. खाली पोचल्यावर तो कुणाशी न बोलता इमारतीला वळसा घालून मागे गेला. भिंतीच्या गार सावलीत बायका हसतखिदळत बसल्या होत्या. सगळ्या होत्या. पोरं धावत होती. जमिनीवर, चटईवर, पदरांवर केशरी पाकळ्यांचा सडा पडला होता.

“पप्पा!” जिज्ञासा धावत आली. तिच्या केसांत झेंडू अडकला होता. “तुम्ही आमच्यावर फुलं टाकलीत!”

“आधी सांगायचं तरी,” तेजल हसत म्हणाली. “मी मोबाइल काढेस्तोवर वर गेलं सगळं. केवढं जवळ आणलंत ओ, आम्हाला वाटलं आता थेट मांडीवरच ठेवताय.”

विठाबाईचे डोळे भरून आले होते. “मी तं हातच जोरलं. माजे पोराचा मशीन, माजे डोक्यावर फुला टाकतंय.”

बायकांना वाटलं होतं, हा पूजेचाच भाग. टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनी. तो वरून ऐकलेला कल्लोळ टाळ्यांचा होता. एकही बाई जागची उठली नव्हती.

“एवढं खाली होतं, एवढं,” जिज्ञासा हात उंच करून चवड्यांवर उभी राहत म्हणाली. “मी उडी मारून माळ ओढणार होते. तेवढ्यात वर गेलं. पप्पा, परत करा ना! परत एकदा!”

मागे हिरामण येऊन उभा होता. त्याने पोरीचं बोलणं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून तो खाली बसला.

सुजितने जिज्ञासाचं मनगट धरलं. एरवी तिच्यावर आवाजही न चढवणाऱ्या बापाने तिला अक्षरशः फरफटत नेलं, चटई तुडवत, शेठच्या पेढ्यांच्या ताटाजवळून, गेटातून बाहेर. गेटाशीही तो थांबला नाही. वर बघत चालत राहिला, जुन्या क्रेनची जिब मागे पडेपर्यंत, मग नव्या क्रेनची मागे पडेपर्यंत, रस्त्यापलीकडे, जिथे डोक्यावर नुसतं आभाळ होतं. तिथे त्याने तिला सोडलं. ती रडत होती. मनगटावर त्याची बोटं उमटली होती आणि एक चप्पल साइटवरच राहिली होती, आणि ती सारखं विचारत होती की मी काय केलं, पप्पा, मी काय केलं.